चार तारखेनंतर पंधरा

वसईचा किल्ला मराठ्यांनी नक्की कुठल्या तारखेला घेतला, हा प्रश्न मला एम.ए.च्या पहिल्या वर्षी पडला. ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली होती. एकात होतं, चिमाजी अप्पांच्या फौजेने १२ मे १७३९ रोजी किल्ल्याचा ताबा घेतला. दुसरं पोर्तुगीज कागदांवरून लिहिलेलं. त्यात २३ मे. मी त्या दुसऱ्याच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं (पुस्तक ग्रंथालयाचं होतं, पण त्या वयात पापपुण्याच्या कल्पना जरा सैल असतात). पुढे पाहते तर तहाचीही तीच गत. इकडे ५ मे, तिकडे १६ मे. एखादी तारीख चुकली तर मुद्राराक्षसावर ढकलता येते. पण दोन तारखा चुकाव्यात आणि दोन्हींत अंतर बरोबर अकरा दिवसांचं पडावं, एवढी शिस्त राक्षसाच्या अंगी नसते.

मग वहीत सातने भागत वार काढायला बसले. २३ मेला शनिवार आला, १२ मेला मंगळवार. म्हणजे घोळ आणखी वाढला. सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "१२ मेचा वार जुन्या कॅलेंडरने काढ." काढला. शनिवार आला.

दोन्ही तारखा बरोबर होत्या. एकाच शनिवारची ती दोन नावं होती. पोर्तुगीज वापरत होते रोमच्या पोपने १५८२ मध्ये सुरू केलेलं नवं कॅलेंडर, आणि मुंबईतले इंग्रज अजून ज्युलियस सीझरच्याच जुन्या कॅलेंडरवर होते. आपल्याकडच्या इतिहासकारांनी तिथीवरून इंग्रजी तारखा बसवल्या त्या इंग्रजांच्या रिवाजाने, म्हणून १७५२ पर्यंतच्या आपल्या तारखा बहुधा जुन्या पद्धतीच्या असतात. किल्ला घेणाऱ्या मराठ्यांना यातली कुठलीच तारीख लागत नव्हती. त्यांच्या कागदांवर तिथी, नाहीतर 'छ' काढून पुढे मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख.

तेव्हापासून माहीमची खाडी ओलांडताना मला एक चाळा लागला आहे. १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आलं, पण पलीकडचं वांद्रं आणि सगळी साष्टी पुढे सत्तर-एक वर्षं पोर्तुगीजांकडेच होती. म्हणजे माहीमला होडीत बसलेला माणूस वांद्र्याला उतरला की दहा दिवसांनी (१७०० नंतर अकरा) पुढे. परत आला की दहा दिवस मागे. वांद्र्यातला नाताळ आटोपून आठवडा लोटला तरी कोटातल्या इंग्रजांचा नाताळ यायचाच असे. आणि होडी वल्हवणारा कोळी या दोघांनाही न विचारता भरती-ओहोटीची तिथी मोजत असणार. तिघांचं जमत होतं ते एकाच गोष्टीवर, वारावर. इकडे रविवार असला की तिकडेही रविवारच.

हे सगळं घडलं अकरा मिनिटांमुळे.

ख्रिस्तपूर्व ४६ मध्ये सीझरने रोमचं कॅलेंडर सुधारलं तेव्हा ते इतकं विस्कटलेलं होतं, की ऋतूंशी मेळ बसवायला ते एक वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसचा सल्ला घेऊन त्याने वर्ष धरलं ३६५ दिवस आणि सहा तासांचं. दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त. सोपा, सुटसुटीत हिशेब. पण ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे चहाला आधण येण्याएवढा वेळ. तेवढीच चूक दरवर्षी साठत गेली की साधारण १२८ वर्षांत अख्खा दिवस होतो. इ.स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेच्या काळात वसंतविषुव, म्हणजे मार्चमधला समान दिवसरात्रीचा दिवस, २१ मार्चच्या आसपास पडत होता. सोळाव्या शतकात तो ११ मार्चवर येऊन ठेपला होता.

शेतकऱ्याला याचं काही नव्हतं, तो आभाळ बघून पेरत होता. अडचण झाली ईस्टरची. ईस्टर येतो वसंतविषुवानंतरच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. सूर्य, चंद्र आणि वार असे तिघे एकत्र आल्याशिवाय तो ठरत नाही. ज्याने पंचांग हाताळलंय त्याला हा प्रकार परका वाटणार नाही. चर्चने विषुव कायमचा २१ मार्चला धरून ठेवला होता, आणि आकाशातला विषुव दहा दिवस आधीच होऊन जात होता. थोडक्यात, सगळ्यात मोठा सण चुकीच्या दिवशी होत असण्याची शक्यता होती, आणि हे जाणत्यांना दोन-तीनशे वर्षं माहीत होतं.

यावर उपाय काढणारा माणूस ना पाद्री होता ना दरबारी ज्योतिषी. लुईजी लिलियो, इटलीच्या पायाच्या टोकाशी असलेल्या कॅलाब्रियातला एक वैद्य. त्याने सांगितलं ते असं: चाराने भाग जाणारं वर्ष लीप खरं, पण शतकाचं वर्ष मात्र ४०० ने भाग गेला तरच. म्हणून १६०० लीप, १७००, १८००, १९०० नाहीत, २००० पुन्हा लीप. चारशे वर्षांत फक्त तीन दिवस कमी करायचे. शाळेत हा नियम आपण एका ओळीत पाठ करतो आणि विसरतो. मला तो अजूनही फार देखणा वाटतो, कारण कुठल्याही खेड्यातल्या माणसाला यंत्राशिवाय, वेधाशिवाय, नुसत्या भागाकाराने पुढची हजार वर्षं मांडता येतात. चंद्रासाठीही त्याने असाच बेत केला होता. एक जानेवारीला चंद्राचं वय किती दिवसांचं, हा आकडा धरून वर्षभराच्या पौर्णिमा काढायच्या. म्हणजे जवळजवळ एक जानेवारीची तिथीच.

लिलियो १५७६ मध्ये गेला. त्याचा भाऊ अंतोनियो ते हस्तलिखित घेऊन रोमला पोचला. मूळ हस्तलिखित आज कुठेच नाही. १५७७ मध्ये राजांना आणि विद्यापीठांना मत विचारायला पाठवलेला त्याचा छोटा सारांश तेवढा उरला. कॅलेंडरला नाव मिळालं पोप तेराव्या ग्रेगरीचं. वैद्यबुवांचं नाव शंभरात एकालाही ठाऊक नसेल.

व्हॅटिकनमध्ये 'वाऱ्यांचा मनोरा' आहे. त्याच्या एका दालनाच्या भिंतींवर चित्रं आहेत, आणि दक्षिणेच्या भिंतीत उंचावर एक लहानसं भोक. दुपारी त्यातून सूर्याचा कवडसा फरशीवर पडतो. फरशीत संगमरवराची एक रेषा बसवलेली आहे. इग्नात्सियो दांती नावाच्या डोमिनिकन साधूने ती आखली. विषुवाच्या दिवशी भर दुपारी कवडसा कुठे पडायला हवा, ती जागा रेषेवर ठरलेली. तेव्हाच्या २१ मार्चला तो तिथे पडत नव्हता, पुढे सरकलेला असे. पोपला इथे आणून हे दाखवलं, असं सांगतात. धर्मसभांचे ठराव, जाडजूड ग्रंथ, शेकडो वर्षांचा वाद, आणि शेवटी फरशीवरचा रुपयाएवढा उजेड. मला या सगळ्या गोष्टीत तो कवडसा सर्वांत आवडतो. आमच्या जुन्या घरात कौलातून असाच कवडसा यायचा आणि आजी त्यावरून "साडेअकरा झाले, कुकर लाव" असं सांगायची.

समितीत जेझुइट गणिती क्लावियस होता, तसाच एक सीरियन ख्रिस्ती धर्मगुरूही होता. क्लावियसचा एक विद्यार्थी, मातेओ रिच्ची, नेमका तेव्हा गोव्यात होता. १५८२ च्या एप्रिलमध्ये तो तिथून मकावकडे निघाला आणि पुढे चीनमध्ये गुरूचं गणित शिकवलं. इकडे रोममध्ये २४ फेब्रुवारी १५८२ ला पोपचा फतवा निघाला. नवं कॅलेंडर छापण्याचा मक्ता अंतोनियो लिलियोला मिळाला होता, पण मागणीएवढ्या प्रती वेळेत छापून होईनात, म्हणून तो काढून घ्यावा लागला. दिवाळीच्या तोंडावर कॅलेंडरांचे गठ्ठे बांधणाऱ्या आपल्याकडच्या विक्रेत्यांनी त्याला चार गोष्टी शिकवल्या असत्या.

ऑक्टोबर निवडला, कारण त्यात सणवार कमी. गुरुवार, ४ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी उजाडला शुक्रवार, १५ ऑक्टोबर. स्पेनमधल्या आल्बा दे तोर्मेस गावी आविलाची संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली आणि दुसऱ्या दिवशी तिचं दफन झालं. नोंदी नुसत्या वाचणाऱ्याला वाटावं, अकरा दिवस ठेवली होती की काय.

कॅथलिक देशांपैकी बरेच लगेच वळले. बाकीच्यांना गणित पटत होतं, पण सांगणारा माणूस पटत नव्हता. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात दोन्ही पंथांचे लोक एका गल्लीत राहत. नगरसभेत कॅथलिकांचं पारडं जड. शेजारच्या कॅथलिक मुलखाशी व्यापार, तारखा जुळायला हव्यात म्हणून त्यांनी नवं कॅलेंडर लावलं. प्रोटेस्टंट कोर्टात गेले. १५८४ मध्ये त्यांच्या मुख्य धर्मोपदेशकाला शहराबाहेर काढायला शिपाई आले, तेव्हा लोक हत्यारं घेऊन रस्त्यावर उतरले. इतिहासाच्या पुस्तकांत याचं वर्णन थोडं हसत केलेलं असतं: बघा, तारखेसाठी मारामारी.

मला त्यावर हसता आलं नाही, कारण मी लहानपणी काही वर्षं दोनदा गणपती जेवले आहे.

आजीचं माहेर रत्नागिरीकडे, टिळक पंचांग मानणारं. सासर दाते पंचांगाचं. लोकमान्य आणि त्यांच्या आधी केरूनाना छत्रे यांचं म्हणणं असं, की पंचांगाचं गणित आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी जुळलं पाहिजे. इथवर कुणाचा वाद नाही. पण राशिचक्राची सुरुवात कुठल्या बिंदूपासून धरायची, तिथे फाटा फुटला. रेवतीच्या एका ताऱ्यापासून मोजणाऱ्या टिळक पंचांगात संक्रांती चार-एक दिवस आधी येतात. तिच्या माहेरी तिळगूळ १० जानेवारीला. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यामुळे काही वर्षी अधिक महिनाही दुसरीकडे पडतो, आणि मग माहेरचा गणपती सासरच्या गणपतीच्या एक महिना आधी. आजी मुंबईच्या घरातल्या 'कालनिर्णय'वर, भलत्याच महिन्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायची: "मा. चतुर्थी". त्या दिवशी स्वयंपाकघरात काही गोड व्हायचं आणि त्याचं कारण कुणी विचारायचं नाही. माझ्या आजोबांनी एकदाच विचारलं होतं म्हणे, "खरी चतुर्थी कुठली?" त्यानंतर दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. ऑग्सबर्गच्या मानाने थोडक्यात मिटलं.

स्वीडनने वेगळाच घाट घातला. एकदम दिवस गाळले तर लोक बिचकतील, म्हणून १७०० पासून चाळीस वर्षं लीप दिवसच घ्यायचा नाही, म्हणजे हळूहळू जुळेल. १७०० मध्ये गाळला. मग रशियाशी युद्ध पेटलं, आणि १७०४, १७०८ ला गाळायचा तो राहूनच गेला. आता स्वीडन ना जुन्याबरोबर ना नव्याबरोबर, जगात एकटा. कंटाळून १७१२ मध्ये राजाने परत जुन्यावर यायचं ठरवलं, आणि एक दिवस वाढवायला हवा म्हणून त्या वर्षी फेब्रुवारीला ३० तारीख दिली. सरकारी योजना अर्ध्यात सोडली की काय होतं, याचा याहून मासलेवाईक पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

इंग्लंडात जॉन डी या गणित्याने राणी एलिझाबेथला १५८३ मध्येच मसुदा करून दिला होता. बिशपांनी मोडता घातला. पुढे १७० वर्षं गेली. शेवटी १७५२ मध्ये बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. "आमचे अकरा दिवस परत द्या" म्हणत लोकांनी दंगली केल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेली असते. मीही कॉलेजात हे वर्गाला हसवत सांगितलं आहे. त्या दंगलींचा समकालीन पुरावा मिळत नाही. मिळतं ते होगार्थने १७५५ मध्ये काढलेलं निवडणुकीच्या मेजवानीचं चित्र. त्यात पायाखाली पडलेल्या एका फलकावर ही घोषणा आहे. चित्रातला फलक पुस्तकात शिरला, पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात, आणि मूर्ख जमाव तयार झाला.

लोकांना काळजी नसेलच असं नाही, पण ती मूर्खपणाची नव्हती. महिन्याचं भाडं द्यायचं तर एकोणीस दिवसांच्या सप्टेंबरचं किती? व्याज किती? कायद्यात त्याची तरतूद होती: देणी मूळच्या दिवसांइतका अवधी भरल्यावरच द्यायची. त्याची खूण अजून शिल्लक आहे. इंग्लंडात वर्ष पूर्वी २५ मार्चला सुरू होई. कर भरायच्या मुदतीतून कुणाचे अकरा दिवस बुडू नयेत म्हणून ती पुढे ढकलली, आणि आजही तिथलं करवर्ष ५ एप्रिलला संपतं. राजे आले नि गेले, साम्राज्य गेलं, ५ एप्रिल हलली नाही.

रशिया वळला थेट १९१८ मध्ये: ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. म्हणून ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात. त्याआधी १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला विकला, तेव्हा कॅलेंडर बदललंच, शिवाय वाररेषाही सरकली. सिट्का गावात शुक्रवार, ६ ऑक्टोबरनंतर आला शुक्रवार, १८ ऑक्टोबर. मघाशी मी वार तेवढा सगळ्यांचा एक म्हणाले, त्याला हा अपवाद. (आपल्याकडेही थोडा आहे. रायगडावरच्या राज्याभिषेकाची इंग्रज पद्धतीची ६ जून १६७४ ही तारीख शनिवारची. त्याच दिवशी गोव्यात १६ जून होती. पण जेधे शकावलीत वार शुक्रवार आहे, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनी बसले. आपला वार सूर्य उगवल्याशिवाय बदलत नाही.)

जोड्या लावण्याचा मोहही इथे फसतो. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले, म्हणून तो पुस्तकदिन, असं दरवर्षी कुणीतरी पाठवतं. सर्व्हान्तेस २२ ला गेला, नव्या कॅलेंडरच्या. शेक्सपिअर २३ ला, जुन्या. मधे जवळपास दीड आठवडा आहे. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हेही तसंच: न्यूटनचा १६४२ चा नाताळ म्हणजे नव्या कॅलेंडरची ४ जानेवारी १६४३.

आणि आपण हसायला नको, कारण आपली संक्रांतही सरकते आहे. स्वामी विवेकानंद जन्मले ते १८६३ च्या मकरसंक्रांतीला, तारीख १२ जानेवारी. आता ती १४ ला येते, कधी १५ ला. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ लाच. आपण तीन आठवड्यांनी तिळगूळ वाटून त्याचं स्वागत करतो. मेघनाद साहांच्या समितीने सारासार विचार करून एक राष्ट्रीय कॅलेंडर बनवलं, १९५७ पासून ते लागूही झालं. आकाशवाणीवर ते ऐकू येतं, राजपत्रावर दिसतं. त्या तारखेने कुणी लग्नाची पत्रिका छापलेली मी पाहिली नाही.

आजीला मी हे सगळं सांगितलं होतं, तिच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी उभी होती, दोऱ्याने बांधलेलं पेन हातात. दुधाचे खाडे ती तिथेच लिहायची, त्या-त्या चौकोनात: 'नाही', '½', 'जास्त १'. मी सांगितलं की एका ऑक्टोबरात चार तारखेनंतर एकदम पंधरा आली. तिने चौकोनांवरून बोट फिरवलं, चारवरून पंधरावर नेलं आणि थांबली.

"अगो, मग दूधवाल्याचे ते दहा खाडे धरले की नाही?"

मी म्हटलं, "धरले. पोपने फतव्यातच लिहिलं होतं, कुणाचं नुकसान नको, देण्याघेण्याची मुदत दहा दिवसांनी पुढे धरा."

"लिहिलं होतं ना? मग झालं तर," ती म्हणाली, आणि त्या दिवसाच्या चौकोनात तिने '½' काढलं, कारण भय्याने सकाळी अर्धाच लिटर घातलं होतं.